निनावी सर्वेक्षण आणि टाळीवाल्या मॅडम

पारसिकच्या_पलीकडे | १२ जानेवारी, रात्री ११:५०

लेकीला झोपवून लिहायला बसलेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. लांबण लागणार आहे.

महापेला एका कंपनीत आहे, सहा वर्षं सात महिने झाले. नाव सांगणार नाही, आणि ओळखलंत तरी इथे लिहू नका. न्हावा शेवाला उतरणाऱ्या मालाची कागदपत्रं करणं हे आमचं काम. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टमला द्यायची नोंद, बनवायचं, आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर चढवायचं, आयातदाराच्या मागे लागून इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट काढून घ्यायची. साधारण सव्वादोनशे माणसं आहोत. कंपनी जुन्या शेठनी वाशीत दोन खोल्यांत सुरू केलेली. शेठ चिडायचे, फाइल भिरकावायचे, पगारवाढ मागितली की त्यांना नेमकं ऐकू यायचं नाही. पण कोणाच्या घरी काही झालं की सगळ्यात आधी दाराशी हजर. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बाहेरून सीईओ आणले आणि स्वतः घरी बसले.

सीईओ साहेबांनी पहिल्या महिन्यात रिसेप्शनच्या भिंतीवर कंपनीची पाच मूल्यं रंगवून घेतली. त्यात 'पारदर्शकता' सगळ्यात मोठ्या अक्षरांत. त्याच आठवड्यात त्यांच्या केबिनच्या काचांना दुधी फिल्म लागली. रंगारी आणि फिल्म लावणारा एकाच दुपारी आले होते, दोघांनी एकच शिडी आळीपाळीने वापरली. हे मी स्वतः पाहिलंय.

मग चहा गेला. आमच्याकडे एक काका होते, अकराला आणि चारला किटली घेऊन टेबलाटेबलावर फिरायचे. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला आलं जास्त, त्यांच्या डोक्यात सव्वादोनशे माणसांची यादी. त्यांना काढून मशीन आणलं. कार्ड टेकवायचं, दिवसाला दोन कप. तिसऱ्याला मशीन लाल दिवा दाखवून पिंक पिंक करतं आणि मागे रांगेत उभी असलेली माणसं आपल्याकडे चोरासारखं बघतात. तुम्ही म्हणाल चहासाठी कोणी रडतं का. मीही आधी हेच म्हटलं होतं.

हजेरीचा पंच साडेनऊचा, तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कट. मी कळव्याहून ठाण्याला येते, नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बरची लोकल धरते, कोपरखैरणेला उतरून शेअर रिक्षा. पावसाळ्यात काय होतं ते इथे कोणाला सांगायला नको. साहेब ऐरोलीच्या पुलावरून गाडीने अकराला येतात. टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या बैठकीत, मात्र ते आठवड्याला ७० तास, ९० तास काम यावर बोलतात. 'देशातले मोठे लोक सांगतायत' म्हणून.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. खरी गोष्ट पुढे आहे.

आमच्याकडे पूर्वी एक जण बिल बनवायचा आणि दुसरा तपासायचा. खर्च वाचवायचा म्हणून रात्रपाळीतला तपासणारा काढला. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल करावं लागतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि चौथ्या दिवसापासून रोज १०,०००. सप्टेंबरात रात्रपाळीच्या एका पोराकडे एका वेळी चौदा फायली होत्या. एका फाइलची मेल रात्री अडीचला आली, ती त्याच्या नजरेतून सुटली. दोन दिवस उशीर, १०,००० चा भुर्दंड. आयातदार आमच्यावर उखडला. आणि कंपनीने ते १०,००० त्या पोराच्या पगारातून कापले, दोन महिन्यांत पाच-पाच हजार. पोराचा पगार १९,०००. घरी आई आणि शिकणारी बहीण.

ऑक्टोबरात 'कर्मचारी समाधान सर्वेक्षण' आलं. पूर्णपणे निनावी, मोकळेपणाने लिहा, शेवटच्या रकान्यात हव्या त्या भाषेत लिहा. मी मोकळेपणाने लिहिलं. मराठीत. लिहिलं की 'एका हाताने टाळी वाजत नाही, तसं एका माणसाने बनवून त्यानेच तपासलेलं बिल धड होत नाही. तपासणारा तुम्ही काढलात, दंड पोराने भरला.'

पंधरा दिवसांनी विभागाच्या बैठकीत साहेब आले. बोलता बोलता माझ्याकडे वळले आणि हसत म्हणाले, 'क्यों टालीवाली मॅडम, एक हाथ से नहीं बजती ना?'

कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. डिसेंबरात माझं रेटिंग चारवरून तीनवर आलं. कारण लिहिलंय, 'सांघिक वृत्तीचा अभाव'.

आज नवीन मेल आलीय. दुसरं सर्वेक्षण, पुन्हा निनावी, २३ तारखेपर्यंत भरणं सक्तीचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. काय भरू? तुमच्याकडे काय होतं?

---

नुसतीच_वाचक | १३ जानेवारी, सकाळी ७:१०

एकच शिडी! 😂 पण वाईट वाटलं त्या पोराचं.

---

घणसोलीचा_घन | १३ जानेवारी, सकाळी ८:३५

ताई, मराठीत लिहिलंत तिथेच तुम्ही खाली सही केलीत हो.

पण इंग्रजीत लिहून वाचला असतात असंही नाही. मी अशाच डेटावर काम करतो. सुरुवातीला विभाग, वयोगट, स्त्री की पुरुष आणि 'कंपनीत किती वर्षं' हे विचारलं होतं का? समजा तुमच्या विभागात ३० जण. त्यात बायका नऊ. पाच ते आठ वर्षं झालेल्या तीन. त्यातल्या ३५ ते ४० वयाची एक. झालं, नाव विचारायची गरजच उरली नाही. शिवाय प्रत्येकाला आलेली लिंक वेगळी असेल, तर कोणी भरलं आणि कोणी नाही हे तसंही दिसतं. 'अजून तुम्ही भरलं नाही' अशी आठवणीची मेल फक्त तुम्हालाच आली असेल, तर समजून जा.

---

पारसिकच्या_पलीकडे | १३ जानेवारी, दुपारी १:२०

चारही विचारलं होतं. आणि आमच्या विभागात पाच ते आठ वर्षंवाल्या बायका दोनच आहोत. दुसरी गुजराती आहे. 🤦‍♀️

---

खाडीपूल | १३ जानेवारी, दुपारी १:४८

नऊ-दहा नंबरवर साडेआठला उभं राहून दाखवावं त्या सीईओने एकदा. मग बोलू ९० तासांचं. दिघा गाव स्टेशन झाल्यापासून मधे चढणारेही वाढलेत.

---

मीठबंदर | १३ जानेवारी, दुपारी २:०५

दिघा झालं ते चांगलंच झालं, तिथल्या लोकांनी किती वर्षं ऐरोलीपर्यंत पायपीट करायची? गर्दी गाड्या कमी असल्यामुळे आहे.

---

खाडीपूल | १३ जानेवारी, दुपारी २:११

मी कुठे नको म्हटलं? ठाण्याला आधीच उभं राहायला जागा नसते एवढंच म्हणतोय.

---

मीठबंदर | १३ जानेवारी, दुपारी २:१४

मग रेल्वेला लिहा.

---

धागा_राखणदार | १३ जानेवारी, दुपारी ३:००

गाड्यांसाठी वेगळा धागा आहे. इथे विषयाला धरून. पुढचे सहा प्रतिसाद उडवलेत.

---

वागळे_जुना | १३ जानेवारी, रात्री ९:३०

मुली, मी वागळे इस्टेटला १९७८ साली टूलरूमला लागलो. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ साली आपल्या वागळेपासून झाली, हे आता तिथे काचेच्या इमारतीत बसणाऱ्यांना सांगितलं तर खोटं वाटतं. आमच्या शेडच्या जागी आता कॉल सेंटर आहे. मधे सहज गेलो होतो, वॉचमनने गेटवर नाव लिहून घेतलं आणि विचारलं, किससे मिलना है. काय सांगणार, लेथला भेटायचंय?

तुझं वाचून एक लक्षात आलं. आमच्या वेळी 'निनावी' हा शब्दच कधी कानावर आला नाही. गरजच नव्हती. कोणाचा पगार कापला, कोणाला सुपरवायझरने आईबहिणीवरून शिवी दिली, की तक्रार जायची युनियनच्या लेटरहेडवर. सही सेक्रेटरीची. मॅनेजमेंटला कळायचं नाही का मुळात बोंब कोणी मारली? अर्धा तास लागायचा नाही कळायला. पण हात लावायचा तर चारशे माणसांना लावावा लागायचा.

आता युनियन म्हणजे देवमाणसं होती असं म्हणणार नाही. आमचा एक सेक्रेटरी पुढे स्वतः कँटीनचं कंत्राट घेऊन बसला आणि उसळीतला बटाटा गायब झाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, माझे दोन मेहुणे त्यात होते, अडीच लाख कामगारांतले दोन. परळचं घर विकून दोघे कळव्याला आले. त्यामुळे संप म्हटलं की आमच्या घरात अजून बायका गप्प होतात. मी तुला झेंडा घे म्हणत नाही. एवढंच विचारतो, त्या पोराचे पाच हजार कापले तेव्हा तुमच्या विभागात तीस माणसं बसली होती ना? लिहिलं मात्र तू एकटीने, तेही लपून.

चहाचं म्हणशील, तर १९८४ साली आमच्याकडे चहा बंद केल्यावर सगळं खातं दुपारी चारला मशीन बंद करून दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं. घोषणा नाही, काही नाही. चौथ्या दिवशी चहा आला. पांचट होता, पण आला.

---

नुसतीच_वाचक | १३ जानेवारी, रात्री ९:५२

काका, लेथला भेटायचंय... 🙏

---

एचआरमधलीच_एक | १३ जानेवारी, रात्री ११:१५

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय. मी वेगळ्या कंपनीत आहे, ठाण्यात, घोडबंदर रोडला, पण हीच सर्वेक्षणं मी बारा वर्षं चालवतेय.

बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलं तर ते सहसा पाचपेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा निकाल दाखवत नाहीत. तेवढा तरी आडोसा असतो. पण कंपनीने स्वतःच फॉर्म बनवला असेल, तर सगळी कच्ची शीट एचआर प्रमुखाच्या लॅपटॉपवर असते, आणि साहेबांनी मागितली की 'नाही' म्हणायला छाती लागते. मी एकदा नाही म्हटलं होतं. मग शीट माझ्या हाताखालच्या मुलाकडून मागवली. त्याने दिली. मी त्याला बोलले नाही, त्याचं प्रोबेशन चालू होतं.

दुसरं, तुम्हाला वाटतं तसं साहेब लोक सर्वेक्षण सूड घ्यायला करत नाहीत. बोर्डाला दाखवायला एक आकडा लागतो. गेल्या वर्षी ६८ टक्के समाधानी, यंदा ७४. तो वाढला की काम झालं. शेवटच्या रकान्यात कोणी खरं लिहिलं की तो सगळ्यात नकोसा भाग, कारण त्याची टक्केवारी काढता येत नाही. आणि जाताना जो एक्झिट इंटरव्ह्यू घेतो ना आम्ही, त्यात ९९ टक्के लोक 'चांगली संधी मिळाली' हेच सांगतात. रिलीव्हिंग लेटर हातात पडायचं असतं, खरं कोण बोलेल? मी स्वतः मागच्या कंपनीतून निघताना तेच सांगितलं.

'सांघिक वृत्तीचा अभाव' यावर मात्र लेखी विचारा. कोणत्या प्रसंगी, कोणत्या तारखेला. शांतपणे, एका मेलमध्ये. उत्तर येणार नाही बहुतेक, पण तुमची मेल फाइलला राहील.

---

रबाळे_शेड_क्र_४ | १४ जानेवारी, सकाळी १०:४०

दुसरी बाजू कोणी मांडतच नाही म्हणून लिहितो. माझं रबाळेला छोटं वर्कशॉप आहे, २६ माणसं. सात तारखेला पगार द्यायचा म्हणजे काय असतं ते नोकरी करणाऱ्याला कळत नाही. ज्या मोठ्या कंपनीला मी माल देतो ती पैसे देते ११० दिवसांनी. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, नाही दिले तर त्यांना आयकरात त्या वर्षी वजावट मिळत नाही, सगळं आहे. पण मी ते बोललो की पुढची ऑर्डर दुसऱ्याला. म्हणून गप्प बसतो. दोन वेळा बायकोच्या बांगड्या ठेवून पगार केलाय. चहा मोजून देतो म्हणून कोणी मालकाला राक्षस ठरवू नये. दूध काय भाव झालंय बघा.

आणि ताई, चूक त्या मुलाची होतीच ना? मेल आली होती. बघितली नाही.

---

पारसिकच्या_पलीकडे | १४ जानेवारी, दुपारी १:३५

दादा, बांगड्यांचं वाचून खरंच पोटात तुटलं. पण तुम्हीच सांगताय, कायदा आहे, पैसे तुमचे आहेत, आणि बोललो तर ऑर्डर जाईल म्हणून गप्प बसता. मग मी काय वेगळं लिहिलंय? ती मोठी कंपनी तुम्हाला 'भागीदार' म्हणत असेल. आम्हाला 'कुटुंब' म्हणतात.

चूक पोराची होती, हो. तपासणारा असता तर पहाटे चारला सापडली असती, कारण तो अख्खा इनबॉक्स पुन्हा चाळायचा. त्याचा पगार होता २४,०००. माझ्याच हिशोबात सप्टेंबर ते डिसेंबर उशिराचे दंड ८५,००० झालेत. वाचवले काय आणि घालवले काय, मांडून बघा. बाकीचे ७५,००० कोणाच्या पगारातून कापणार?

---

रबाळे_शेड_क्र_४ | १४ जानेवारी, दुपारी २:२०

८५ आणि चार महिन्यांचे ९६. अजून ११ हजार फायद्यातच आहेत की. 😄

गंमत केली. पण आयातदार गेला असेल एखादा, तर ते गणित संपलं. तपासणारा मी काढला नसता.

---

कलम_कसाई | १४ जानेवारी, रात्री १०:०५

गंमत बाजूला ठेवून कामाचं सांगतो. वकील नाही, पण वीस वर्षं कामगार कायद्याच्या फायली वाहतोय.

पगारातून नुकसान कापता येतं, पण नुकसान त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळेच झालं असं असेल तर, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. जुन्या वेतन कायद्यातही हेच होतं, २१ नोव्हेंबर २०२५ ला ज्या चार कामगार संहिता लागू झाल्या त्यातल्या वेतन संहितेतही हेच आहे. पोराला काही लेखी विचारलं होतं का? नसेल तर ती कपात लंगडी आहे. आणि चौदा फायली एकट्याकडे होत्या याचा पुरावा आत्ताच जपून ठेवा. कंपनीचा डेटा घरी पाठवू नका, तो उलटा तुमच्याच अंगाशी येईल. तारीख, वेळ आणि फायलींचा आकडा वहीत लिहून ठेवा.

तासांचं म्हणाल तर ७० आणि ९० हे भाषणातले आकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती ७० म्हणाले, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष ९० पर्यंत गेले. कायद्यातला आकडा आठवड्याला ४८ आहे, पुढच्या तासाला दुप्पट दराने पैसे. फक्त 'मॅनेजर' असं पद देऊन ठेवलं की त्या आकड्यातून माणूस बाहेर पडला असं कंपन्या धरतात, म्हणून हल्ली सगळेच मॅनेजर असतात.

आता माझा खरा मुद्दा. चहा मोजायला लागले, तपासणारा काढला, दंड पोरांवर ढकलला. असं दिसलं की मी सगळ्यात आधी एकच विचारतो: पीएफ भरतायत का? स्लिपवर कपात दिसते म्हणून खुश राहू नका. उमंग ॲपवर पासबुक उघडा आणि महिन्यामहिन्याचा रकाना बघा. ज्या महिन्याचा पगार, त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे जमा व्हायला हवेत. व्याजाचा आकडा दिसला नाही तर घाबरू नका, ते वर्षाचं एकदम आणि उशिरा चढतं. हप्ता दिसतोय का तेवढंच बघा.

---

तलावपाळी_संध्याकाळ | १५ जानेवारी, सकाळी ९:१२

माझं उघडून बघितलं, सगळं बरोबर आहे, हुश्श. पण पासवर्ड आठवायला चाळीस मिनिटं गेली.

---

घणसोलीचा_घन | १५ जानेवारी, सकाळी ९:४०

सगळं ऑफिस आज पासबुक उघडून बसलंय बहुतेक. साइट लटकलीय. 😅

---

पारसिकच्या_पलीकडे | १९ जानेवारी, रात्री १२:२०

कलम_कसाई, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणू की काय म्हणू कळत नाही.

माझा बेसिक ३२,०००. दर महिन्याला माझे ३,८४० कापले जातात. कंपनीचेही तेवढेच, त्यातले १,२५० पेन्शनच्या रकान्यात आणि उरलेले २,५९० पीएफमध्ये. सप्टेंबरपर्यंत सगळं सुरळीत, एकाखाली एक. ऑक्टोबर नाही. नोव्हेंबर नाही. डिसेंबरचे १५ ला यायला हवे होते, तेही नाहीत. स्लिपवर मात्र तिन्ही महिने ३,८४० कपात, अगदी ठसठशीत.

पासबुक मी गाडीत बघितलं, रबाळे आणि घणसोलीच्या मधे. कोपरखैरणेला उतरायचंच विसरले, तुर्भ्याला भान आलं. लेट मार्क बसला.

दुपारी डबा खाताना मी फक्त एवढंच म्हटलं, 'पासबुक बघा.' कोणाला काय आढळलं ते सांगायची गरज पडली नाही, चेहऱ्यांवर दिसत होतं. जी गुजराती मैत्रीण कधी एक शब्द बोलत नाही, तिने डबा अर्धा टाकून झाकण लावलं. तिचा नवरा गेलाय, घराचा हप्ता ती एकटी भरते.

चहाबद्दल लोक नुसते कुरकुरले होते. पोराच्या पाच हजारांबद्दल 'वाईट झालं' म्हणून गप्प बसले. हे मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशातलं निघालं. वागळेकाका, तुमचं 'लपून' मला फार लागलं होतं, खरं सांगते. दोन दिवस राग आला होता तुमचा.

---

वागळे_जुना | १९ जानेवारी, सकाळी ६:०५

यायलाच हवा.

---

कलम_कसाई | १९ जानेवारी, सकाळी ८:२०

कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा नुसता उशीर नव्हे. फौजदारी कायद्यात तो विश्वासघात धरला जातो, आधी भारतीय दंड संहितेत होता, आता न्याय संहितेत कलम ३१६ आहे. वर व्याज आणि दंड वेगळा. पण लगेच पोलीस-पोलीस करू नका. आधी लेखी विचारा: या तीन महिन्यांचे पैसे भरल्याचं चलन दाखवा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाका, वाशीचं कार्यालय विचारणा करेल. आणि मेल एकटीच्या नावाने नको.

तुम्ही निघायच्या विचारात असाल तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची रक्कम, विसरू नका. सहा वर्षं सात महिने म्हणजे हिशोबाला सात वर्षं धरतात. ३२,००० ला २६ ने भागा, १५ ने गुणा, सातने गुणा: १,२९,२३० च्या आसपास. नव्या संहितेत 'वेतन' एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी दाखवता येत नाही, त्यामुळे तुमचा बेसिक एकूण पगाराच्या मानाने फार कमी ठेवला असेल तर आकडा याहून मोठा होईल. राजीनामा दिला तर शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असंही तिथे लिहिलंय. कंपन्या अजून ४५ दिवसांचं जुनंच पुराण लावतात, तेव्हा हे वाक्य दाखवा.

---

एचआरमधलीच_एक | १९ जानेवारी, दुपारी ४:३०

मेलमध्ये 'तक्रार' शब्द टाकू नका. 'माहिती मिळावी' म्हणा. आणि सगळ्यांची नावं आद्याक्षराच्या क्रमाने लिहा, म्हणजे पहिलं नाव कोणाचं यावरून पुढारी शोधता येत नाही.

---

पारसिकच्या_पलीकडे | २४ जानेवारी, रात्री ११:३०

मेल गेली. अकरा नावं, आद्याक्षराच्या क्रमाने. तीस जणांतले अकरा. बाकीच्यांनी 'आमचा पाठिंबा आहे' असं सांगितलं, म्हणजे तोंडी. ते रात्रपाळीचं पोर अकरांत आहे. मी त्याला नको म्हणत होते, तो म्हणाला, ताई, माझं अजून काय कापणार?

सर्वेक्षणही भरलं. सगळ्या प्रश्नांना पाचपैकी तीन. शेवटचा रकाना कोरा.

---

खाडीपूल | २४ जानेवारी, रात्री ११:४४

कोरा रकानासुद्धा ओळखतील बघा.

---

नुसतीच_वाचक | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

पुढे काय झालं? रोज येऊन बघतेय.

---

पारसिकच्या_पलीकडे | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५५

उशीर झाला, लेकीला ताप होता.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे पैसे ३० जानेवारीला जमा झाले, दोन्ही एकाच दिवशी. डिसेंबरचे अजून नाहीत. मेलला उत्तर आलं ते असं, 'तांत्रिक अडचणीमुळे विलंब झाला होता.' चलन दाखवलं नाहीच.

त्याआधी चार दिवस अकराही जणांना एकेकाला दुधी काचेमागे बोलावलं. मला विचारलं, ही कल्पना कोणाची? मी म्हटलं, पासबुकाची. दोघांनी नावं मागे घेतली, आम्हाला मेलमध्ये काय आहे ते नीट माहीत नव्हतं असं लिहून दिलं. त्यातला एक माझ्या शेजारी बसतो. डबा आता तो जिन्यात खातो. त्याच्यावर राग नाही माझा, त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. पण बोलायला काही सुचतही नाही.

पोराच्या जानेवारीच्या स्लिपवर 'इतर थकबाकी' म्हणून ५,००० आलेत. दहातले पाच. कोणी काही बोललं नाही, पत्र नाही, काही नाही. बाकीच्या पाचांसाठी त्याने स्वतः अर्ज लिहिलाय, मी फक्त वेलांट्या बघितल्या. रात्रपाळीचा तपासणारा परत आणायचं नावही कोणी काढत नाही. रेटिंगवर मी लेखी विचारलं होतं, एचआरवाल्या ताईंनी सांगितलं तसं. उत्तर नाही, तेही त्यांनी सांगितलं तसंच.

शुक्रवारी टाउनहॉलमध्ये सर्वेक्षणाचा निकाल दाखवला. समाधान ११ टक्क्यांनी वाढलंय. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, दोन्ही हातांनी, आणि साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

बेलापूरला एका ठिकाणी बोलणं चाललंय. पगार तेवढाच, पण रात्रपाळीला तपासणारा आहे का हे मी मुलाखतीत आधी विचारलं. समोरचा माणूस दचकला, मग म्हणाला, दोन आहेत.

हां, आणि चहाचं मशीन गेला आठवडाभर बंद आहे. वर कागद चिकटवलाय. आपले किटलीवाले काका गेटबाहेर उभे राहायला लागलेत, अकराला आणि चारला. साहेबांचा ड्रायव्हरही तिथेच असतो.

---

घणसोलीचा_घन | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१०

काका नेमके कुठे? मीपण महापेलाच येतो.

---

पारसिकच्या_पलीकडे | ९ फेब्रुवारी, रात्री ११:२२

गेट सांगितलं तर कंपनी कळेल ना. मिलेनियम पार्कच्या बाजूने चालत या, निळी किटली आणि पंधरावीस माणसांचा घोळका दिसेल. आलं जास्त हवं असेल तर आधी सांगा, पुढच्या वेळी ते विचारणार नाहीत.